‘गुलामीचे बिल्ले’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना मिळालेलं एक व्हिक्टरी मेडल मला पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलं, त्यावर मी लिहिलं, त्याखाली आपली लांबलचक प्रतिक्रिया आली. सही ‘एका माजी सैनिकाचा मुलगा’ अशी. नाव घातलं असतंत तर बरं वाटलं असतं, कारण मी इथे माझ्या नावाने लिहितो. तरीही उत्तर देतोय. प्रतिक्रियेत मुद्दे चार-पाच आहेत, पण मला बोचलं ते हे वाक्य: “इंग्रजांच्या पगारासाठी लढलेल्यांचे गुलामीचे बिल्ले भंगारातून उचलायला अभ्यास लागत नाही, पैसा आणि रिकामा वेळ लागतो.”

मतभेद मी समजू शकतो. पण कुणी काही जपून ठेवतो, त्यावर मेहनत घेऊन लिहितो, आणि त्याला सरळ ‘रिकामा’ म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? समोरासमोर बसलो असतो तर हे वाक्य आपल्या तोंडून निघालं असतं का?

अभ्यास लागत नाही म्हणता, तर ते मेडल हातात घेऊन बघू. ब्राँझचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. पुढच्या बाजूला पंख पसरलेली विजयदेवता, मागे इंग्रजीत ‘सभ्यतेसाठीचं महायुद्ध, १९१४-१९१९’ अशा अर्थाचा मजकूर. इथवर कुणीही वाचेल. खरं मेडल असतं त्याच्या कडेवर. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं त्या अरुंद पट्टीत ठशाने उठवलेलं. भिंग लावून तिरप्या उजेडात धरलं की कळतं, अक्षरं ठोकलेली आहेत की मागाहून कुणी सुईने कोरली आहेत. जुनं नाव घासून नवं टाकलं असेल तर कड किंचित बसलेली असते, कॅलिपर लावला की व्यास एकीकडे कमी भरतो, कानशीचे बारीक ओरखडेही दिसतात. फितीचंही तसंच. मधोमध लाल आणि दोन्हीकडे इंद्रधनुष्य उतरत गेलेलं, जांभळ्या कडा. आजकालची कृत्रिम धाग्याची फीत अतिनील दिव्याखाली पांढरी चमकते. पण फीत नवी म्हणून मेडल खोटं ठरत नाही, कारण फिती विरतात आणि सैनिक स्वतःच त्या बदलून घेत. हे सगळं पैशाने येत नाही. खोटं मेडल हातात घेऊन, ओळखून परत खाली ठेवायला शिकल्यावर येतं.

आता ‘भंगार’. पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल एकटं कधीच दिलं गेलं नाही. ते ज्याला मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडलही मिळालं, म्हणजे जोडी. मग बाजारात व्हिक्टरी मेडल इतक्या वेळा एकटंच का दिसतं? कारण जोडीतलं दुसरं चांदीचं होतं. ९२५ टंचाची चांदी, अडीच तोळ्यांच्या आसपास. ती सराफाकडे गेली. ब्राँझला मोल नव्हतं म्हणून ते वाचलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, कोरडवाहू जमीन. १९७२ च्या दुष्काळात आजीने त्यांचं चांदीचं मेडल मोडीत घातलं. दोन्ही मेडलं एकाच फडक्यात बांधून ती गेली होती. सराफाने चांदीचं तराजूत टाकलं, ब्राँझचं परत तिच्या हातावर ठेवलं. चांदी वितळली तेव्हा कडेवरचं पणजोबांचं नावही तिच्याबरोबर गेलं. तिने केलं त्यात काही चूक नव्हती, घरात दाणा नव्हता. पण त्या मेडलला कुणी भंगार म्हटलं की मला राग येतो, आणि तो यायलाच हवा. तुम्ही माजी सैनिकाचे चिरंजीव आहात, तुम्हाला हे मी सांगायची वेळ यावी?

आणि ‘पगारासाठी’. हो, पगारासाठी. महायुद्ध सुरू झालं तेव्हा शिपायाला महिन्याला ११ रुपये मिळत. पाऊस पडला नाही की तेच घर चालवत. १९१८ मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरले होते. त्यांनाही गुलाम म्हणणार का? १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. उपासमार अशी, की घोडे कापून खायची वेळ आली, आणि हिंदुस्थानी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि मग तुर्कांच्या कैदेतली पायपीट, जिच्यातून कितीतरी जण परतलेच नाहीत. त्या माणसांना ‘गुलाम’ म्हणायला फार तर एक मिनिट लागतं. त्यांचं नाव धातूवर शिल्लक आहे, ते वाचायला मात्र कुणाला वेळ नाही. कोण कुणासाठी लढलं याचा हिशोब इतिहासकार मांडतील. शिपायाचं नाव त्या हिशोबातून खोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

बाकीच्या मुद्द्यांचं थोडक्यात.

तुम्ही लिहिलंय की मराठा लाइट इन्फंट्री ‘पाचवी’ होती, माझ्या मेडलच्या कडेवर आहे तसं ‘११७ मराठा’ असं काही नव्हतंच, ‘आधी नीट अभ्यास करा’. १९२२ पर्यंत पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशाच ओळखल्या जात. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या, ११७ वी तिची पाचवी बटालियन झाली. पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर जुना आकडा नसता तरच मला शंका आली असती. हा मुद्दा इथेच संपतो.

कडेचा फोटो स्पष्ट नाही, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य. लेखात कडेबद्दल एवढं लिहिलं, तर फोटोही तसाच हवा होता. नवा काढून लावतो.

मेडल त्या शिपायाच्या घरी परत द्या, असंही सुचवलंय. सुचवायला सोपं आहे. कडेवर गावाचं नाव नसतं, बापाचं नसतं, आणि एका पलटणीत त्याच नावाचे किती शिपाई असतील याला मोजदाद नाही. हा स्वतंत्र विषय आहे, इथे ताणत नाही.

परदेशी गिऱ्हाइकांना विकत असेन, या टोमण्याचं उत्तर देण्याचीही गरज नाही, पण देतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांपलीकडची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हे मेडल त्या वयाचं आहे. मी आजवर एकही विकलेलं नाही, विकणारही नाही. आरोप करण्याआधी विचारलं असतंत तर हेच सांगितलं असतं.

आणि एक विनंती, जी तुमच्यासकट सगळ्यांनाच आहे. घरात असं मेडल असेल तर ते चिंच-मिठाने घासू नका, राखेनेही नाही. दर घासणीला कडेवरची अक्षरं उथळ होतात, मग भिंगालाही नाव सापडत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसा, कागदात गुंडाळून ठेवा, आणि कडेवरचं वाचून वहीत उतरवून घ्या. तुमच्या वडिलांची मेडलं घरात असतील तर त्यांच्या कडा बघून काय लिहिलंय ते इथे कळवा, ओळखायला मी मदत करेन. पुढची प्रतिक्रियाही जरूर लिहा, पण भाषा जपून. पुन्हा ‘भंगार’, ‘गुलाम’ असलं काही आलं, तर ती इथे ठेवणार नाही.