एबरहार्डरावांचा खराटा

ट्युबिंगनचं विद्यापीठ १४७७ मध्ये स्थापन केलं ते एबरहार्ड नावाच्या एका दाढीवाल्या सरदाराने. याच गृहस्थांच्या राज्यात १४९२ मध्ये स्टुटगार्टच्या रहिवाशांसाठी हुकूम निघाला, की प्रत्येकाने आपापला उकिरडा दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा. पहिल्या कर्तबगारीमुळे मला एका हिवाळी सत्रापुरती पाहुण्या प्राध्यापकाची खुर्ची मिळाली, दुसरीमुळे खराटा. खुर्चीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

दक्षिण जर्मनीतल्या या श्वाबेन मुलखात ‘केरवोखं’ पाळतात. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवडा वाटून झाडलोट करायची. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. धाकटी पाळी म्हणजे आपल्या मजल्यावरचा जिना. थोरली म्हणजे तळघर, अंगण आणि घरापुढचा फूटपाथसुद्धा. स्टुटगार्टच्या नगरपालिकेने १९८८ मध्ये आपली सक्ती उठवली म्हणे. भाडेकरार लिहिणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

आता मी अमरावतीचा. आमच्या विद्यापीठाला नाव संत गाडगेबाबांचं. ट्युबिंगनला मी शिकवत होतो तो विषयही बाबांच्या नावाने चालणारं ग्रामस्वच्छता अभियान. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडायची, ही बाबांची पद्धत मी फळ्यावर दोन रकान्यांत मांडून दाखवली. दुसरा रकाना मला बऱ्यापैकी जमतो. पहिल्यासाठी घरी बाई येते.

समोरच्या बिऱ्हाडात एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कणा ताठ. मी शनिवारी जिना झाडला, पुसला, पाटी त्यांच्या दाराला लावली आणि चहा टाकला. पाच मिनिटांत बेल. ‘हेर प्रोफेसर’ म्हणून त्यांनी मला अत्यंत अदबीने बाहेर बोलावलं आणि कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवून ते माझ्या चष्म्यासमोर धरलं. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही बाहेरच्या परीक्षकाने इतक्या खोलात शिरून पाहिलं नव्हतं. पाटी माझ्या दारावर परत. बरं, उद्या करतो म्हणावं, तर रविवारी आवाज करायचा नाही.

खरा प्रसंग जानेवारीत आला. थोरली पाळी माझी आणि रात्रभर बर्फ. तिथल्या विद्यापीठाची एक गोड प्रथा आहे: वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं की तास सव्वादहाला सुरू. हे पाव तासाचं औदार्य बर्फाला लागू नाही. लोक कामावर निघायच्या आत, सकाळी सातला, फूटपाथ मोकळा हवा. कुणी घसरून पडलं तर भरपाई पाळीवाल्याच्या गळ्यात पडू शकते. म्हणून मी माकडटोपी, दोन स्वेटर आणि फावडं अशा थाटात अंधारात खणत होतो. आजी खिडकी उघडून उभ्या. फावडं कसं धरायचं ते हातवारे करून सांगत होत्या, आणि थंडी मात्र मलाच वाजत होती.

त्या दिवशी वर्गात कंबर धरूनच शिरलो. उशीर का, असं कुणी विचारलं नाही, तरी मी सांगितलं. तिथली मुलं टाळ्यांऐवजी बाकावर बुक्क्या मारतात. लोकसहभागावरच्या माझ्या सगळ्या व्याख्यानांना मिळून वाजले नसतील तेवढे बाक त्या फावड्याला वाजले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “सर, अमरावतीत तुमची पाळी कोणत्या आठवड्यात असते?” मी तास दहा मिनिटं आधी सोडला.

रात्री मोठ्या तोऱ्यात बायकोला व्हिडिओ कॉलवर फूटपाथ दाखवला. तिने तो बारकाईने पाहिला. मग म्हणाली, “म्हंजे झाडता येते तुमाले! मंग येथं काऊन नाई जमत?”

नेमकी तेव्हाच तिथली रेंज गेली, असं मी तिला अजूनही सांगतो.