प्रश्नचिन्ह दिसलं की 'रिमूव्ह' करा, म्हणे!

नवीन हार्ड डिस्कवर फोटो कसे हलवायचे, म्हणजे एकही एडिट जाणार नाही, हे सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या फोटोग्राफीच्या ग्रुपांमधून फिरतोय. शेवटी 'सर्व फोटोग्राफर बांधवांना पाठवा' आहेच. असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही, पण हा माझ्या काकांकडे पोचला. काका निवृत्त झाल्यापासून पक्ष्यांच्या मागे असतात. नागपुरातलं गोरेवाडा, अंबाझरी, हिवाळ्यात उमरेडकडचे तलाव, सारस बघायला थेट गोंदिया. सगळे फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये, म्हणजे ॲडोबी कंपनीच्या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि एकेका फोटोवर तासन्‌तास बसलेले. जुनी डिस्क भरली म्हणून सीताबर्डीवरून नवी आणली आणि मला फोन केला, "अबे, ते कॅटलॉग म्हणून जे काय आहे, ते कचरा आहे म्हणते हा मेसेज. उडवून देऊ का?"

नका उडवू, काका. आणि ज्यांना हा मेसेज आला असेल, त्यांनीही थांबा.

मेसेजात सात गोष्टी सांगितल्या आहेत. १) एडिट फोटोतच असतात, म्हणून फोल्डर कॉपी केलं की झालं. २) '.एलआरकॅट' ही फाइल (हाच तो कॅटलॉग) म्हणजे नुसती कॅश, पुन्हा बनवता येणारा तात्पुरता साठा, जागा खाते, डिलीट करा. ३) नव्या डिस्कवर गेल्यावर लाइटरूममध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसलं, तर ते फोल्डर 'रिमूव्ह' करून पुन्हा 'इम्पोर्ट' करा. ४) एक्सएमपी (एडिट वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय) चालू केलं की कॅटलॉगची गरजच उरत नाही. ५) नव्या डिस्कला जुन्याच ड्राइव्हचं अक्षर द्या, नाहीतर सगळं गेलं. ६) वेळ वाचवायला कॉपी नको, कट-पेस्ट करा. ७) आपल्याकडच्या उन्हात डिस्क तापते, म्हणून आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

क्रमाने जात बसत नाही. सगळ्यात मोठं नुकसान तिसऱ्या मुद्द्यात आहे, आणि तो वाचताना सगळ्यात शहाणा वाटतो. म्हणून तिथूनच सुरुवात.

लाइटरूम क्लासिक तुमच्या मूळ फोटोला हात लावत नाही. एक्स्पोजर वाढवलं, क्रॉप केलं, पाण्यावरची चमक कमी केली, तरी कार्डावरून उतरवलेली रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने दिलेली कच्ची फाइल, होती तशीच राहते. मग केलेलं काम कुठे जातं? कॅटलॉगमध्ये. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. कॅटलॉग म्हणजे काय, हे ॲडोबीने स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय: प्रत्येक फोटोबद्दल त्यात तीन गोष्टी असतात. फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर कुठे आहे त्याचा पत्ता, त्याच्यावर काय प्रक्रिया करायची त्याच्या सूचना, आणि तुम्ही दिलेले तारे, कीवर्ड वगैरे माहिती. फोटो त्यात नसतो. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक पान वाचलं असतं, तर पुढचं काहीच लिहायची वेळ आली नसती.

तेही पटत नसेल, तर कॅटलॉगची एक नक्कल काढा आणि कोणत्याही फुकट एसक्यूलाइट ब्राउझरमध्ये, म्हणजे डेटाबेसची फाइल उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडा. ती फाइल म्हणजे साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे. आत एका टेबलात मूळ फोल्डरांचे पूर्ण पत्ते दिसतील, ड्राइव्हच्या अक्षरासकट. दुसऱ्या टेबलात डेव्हलपच्या, म्हणजे लाइटरूममध्ये जिथे एडिट करतो त्या भागाच्या, सेटिंग्ज दिसतील. (मूळ कॅटलॉगवर हा प्रयोग करू नका, नकलेवरच करा.)

म्हणजे प्रश्नचिन्हाचा अर्थ इतकाच की कॅटलॉगमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर फोल्डर सापडत नाही. हरवलं काहीच नाही, पत्ता जुना झालाय. त्यावर हा मेसेज सांगतो, 'रिमूव्ह' करा. रिमूव्ह केलं की चुकीच्या पत्त्यासोबत त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोची नोंदच कॅटलॉगमधून जाते, आणि नोंदीबरोबर एडिटही. मग तुम्ही पुन्हा इम्पोर्ट करता, फोटो छान दिसायला लागतात, प्रश्नचिन्ह गायब, मेसेजवाल्याला मनातल्या मनात धन्यवाद. एखादा फोटो उघडून बघितला की कळतं, कोरा आहे. क्रॉप नाही, रंग नाही, तारे नाहीत. कॅटलॉगच्या नजरेत हा फोटो आज पहिल्यांदा आलाय. शेताचा गट नंबर बदलला म्हणून कोणी सातबारा फाडून टाकतं का? शेत जागेवरच राहील हो, पण फेरफाराच्या नोंदी कोणाकडे मागाल?

खरा उपाय 'रिमूव्ह' जिथे दिसतं, त्याच उजव्या क्लिकच्या यादीत आहे. प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर उजवी क्लिक करा, 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा, नव्या डिस्कवरचं तेच फोल्डर दाखवा. झालं. फोल्डरची रचना आधीसारखीच ठेवली असेल, तर सगळ्यात वरचं एकच फोल्डर दाखवावं लागतं, आतली आपोआप मागून येतात. वरचं फोल्डर यादीत दिसतच नसेल, तर डिस्क हलवायच्या आधी 'शो पेरेंट फोल्डर'ने ते दिसायला लावा. काकांकडे वर्षवार फोल्डरं आहेत आणि प्रत्येकात ठिकाणवार. ती एकेक करून दाखवत बसले असते, तर कंटाळून त्यांनीही रिमूव्हच केलं असतं. एखादाच फोटो सुटला असेल, तर त्याच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह येतं. त्यावर क्लिक करून 'लोकेट' करा.

ज्यांनी ऐकून रिमूव्ह केलंच आहे, त्यांनी आणखी काही करायच्या आधी 'बॅकअप्स' नावाचं फोल्डर शोधावं. लाइटरूम बंद करताना ते अधूनमधून कॅटलॉगचा बॅकअप घेऊ का विचारतं. आपण 'स्किप' दाबत असतो, पण कधीतरी 'बॅकअप' दाबलेलं असतं. तिथली झिप फाइल वेगळ्या जागी उघडून तो कॅटलॉग चालू केला, तर त्या तारखेपर्यंतचे एडिट परत मिळतात. मात्र त्या बॅकअपमध्ये फोटो नसतात. 'बॅकअप घेतला होता ना' म्हणून जुनी डिस्क पुसणारेही मी पाहिलेत.

आता दुसरा मुद्दा, कचऱ्याचा. इथे मेसेजवाल्याचा घोळ कुठून झाला असेल याचा अंदाज येतो, आणि नाइलाजाने थोडं मान्यही करावं लागतं. कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये 'प्रिव्ह्यूज' नावाचं एक '.एलआरडेटा' असतं. ते खरोखर मोठं होत जातं आणि ते खरोखर कॅशसारखं आहे. मूळ फोटो जागेवर असतील, तर ते उडवलं तरी लाइटरूम पुन्हा तयार करतं, फक्त काही काळ सगळं रटाळ चालतं. कोणीतरी कुठेतरी हे वाचलं असणार, आणि 'डेटा'ची 'कॅट' झाली.

गंमत अशी की इथे तिसरी फाइलही आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून कॅटलॉगच्या शेजारी '.एलआरकॅट-डेटा' नावाचं काहीतरी दिसू लागलं. नाव असं की कोणालाही ते प्रिव्ह्यूच्या जातीचंच वाटावं. पण मास्किंगचा, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलण्याचा, डेटा तिथे असतो. 'सिलेक्ट सब्जेक्ट' करून नुसता पक्षी उजळवला असेल, तर त्याचा हिशेब तिथे. म्हणजे उडवता येईल अशा फाइलचं नाव, कधीही उडवू नये अशा फाइलच्या नावासारखं. ॲडोबीला इथे हात जोडावेत. म्हणून निवडत बसू नका. कॅटलॉगही नव्या डिस्कवर न्यायचा असेल, तर त्याचं अख्खं फोल्डर उचला आणि नव्या जागेवरची '.एलआरकॅट' डबल-क्लिक करून उघडा.

कॉपी करताना लाइटरूम बंद हवं. चालू असेल तर ताजे बदल कधी कधी मुख्य फाइलमध्ये उतरलेले नसतात, शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये असतात. अर्धवट नक्कल घेऊन काय करणार?

आणखी एक. बहुतेकांचे फोटो डी किंवा बाहेरच्या ड्राइव्हवर असतात, पण कॅटलॉग मात्र सी ड्राइव्हच्या 'पिक्चर्स'मधल्या 'लाइटरूम' फोल्डरमध्ये पडलेला असतो, कारण सुरुवातीला तो तिथेच बनतो. मग फोटो नव्या डिस्कवर सुखरूप पोचवायचे, आणि 'आता पीसी मोकळा झाला' म्हणून विंडोज नव्याने टाकून घ्यायचं. दुकानातला पोरगा विचारतो, "सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" आपण म्हणतो, नाही. कॅटलॉग कुठे आहे हे कळायला 'एडिट'मध्ये 'कॅटलॉग सेटिंग्ज' उघडा, पहिल्याच पानावर पत्ता दिसतो. विंडोजला हात लावू देण्याआधी तेवढं बघा.

पहिला मुद्दा, एडिट फोटोतच असतात. मोबाइलच्या किंवा साध्या एडिटरमध्ये बदल करून त्याच जेपेगवर सेव्ह केलं असेल, तर हो, असतात. लाइटरूममधून एक्स्पोर्ट केलेल्या जेपेगमध्येही दिसतात, पण तिथे ते कायमचे गोठलेले असतात, पुन्हा मागे जाता येत नाही. रॉ फाइलमध्ये नसतात. पुढचं वर आलंच आहे.

चौथा मुद्दा अर्धा खरा आहे. कंट्रोल-एस दाबलं की डेव्हलपच्या सेटिंग्ज रॉच्या शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिल्या जातात, जेपेग किंवा डीएनजी (रॉचाच ॲडोबीचा प्रकार) असेल तर फाइलच्या आतच. आपोआप लिहायची सोयही आहे, पण ती मुळात बंद असते. डिस्क हलवायच्या आधी सगळे फोटो निवडून एकदा कंट्रोल-एस जरूर दाबा, चांगला आधार आहे. पण 'कॅटलॉगची गरज नाही' कुठून आलं? व्हर्च्युअल कॉपी (फाइल एकच, पण एडिट वेगळे), कलेक्शन आणि स्टॅक (फोटोंचे लाइटरूममध्ये केलेले गट), एडिटची पूर्ण हिस्टरी, यातलं काही एक्सएमपीमध्ये जात नाही. एकाच सारसाच्या फोटोची एक रंगीत आणि एक कृष्णधवल व्हर्च्युअल कॉपी केली असेल, तर एक्सएमपीच्या भरवशावर दुसरी गेली.

ड्राइव्हच्या अक्षराचं म्हणणं उगाच घाबरवणारं आहे. जुनं अक्षर दिलं आणि रचना तीच ठेवली, तर प्रश्नचिन्ह येतच नाही. विंडोजवर ही सोय चांगली आहे, मीही वापरतो. नाही दिलं तरी काही जात नाही, 'फाइंड मिसिंग फोल्डर' आहेच.

कट-पेस्ट नको. मध्येच वीज गेली की अर्धे फोटो इकडे आणि अर्धे तिकडे. कॉपी करा, फाइलींची संख्या आणि आकार जुळतात का बघा.

आणि फ्रीज! बाप्पा! उन्हाचं म्हणणं खोटं नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्यासाठीचं तापमान ५ ते ३५ अंश इतकंच दिलेलं असतं. पण थंडगार डिस्क बाहेर काढून तापलेल्या खोलीत ठेवली की तिच्यावर पाणी सुटतं. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ओल आतही जाऊ शकते. आणि तशा अवस्थेत तुम्ही तिला केबल जोडणार, आयुष्यभराचे फोटो घेऊन? काम पहाटे किंवा रात्री करा, डिस्क टेबलावर मोकळी ठेवा, पंखा लावा. कूलरच्या थेट झोतात नको, त्या हवेत ओल असते. नागपूरच्या उन्हाबद्दल काहीही खपतं, हा वेगळा त्रास. २०२४ च्या मे अखेरीस इथे ५६ अंश झाल्याची बातमी देशभर फिरली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच चुकीचा आकडा दाखवत होता. ५६ आजही कोणी ना कोणी सांगतोच.

काकांना मी फोनवर सांगितलं ते असं: लाइटरूम उघडून सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस, मग कॅटलॉगचा बॅकअप, मग लाइटरूम बंद. फोटोंचं वरचं फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी. जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर लाइटरूम गुपचूप तिथलेच फोटो दाखवत राहील आणि आपल्याला वाटेल सगळं जमलं. मग उघडा, प्रश्नचिन्हावर उजवी क्लिक, नवं फोल्डर दाखवा. वेगवेगळ्या वर्षांचे पाच-दहा फोटो डेव्हलपमध्ये उघडून डावीकडच्या 'हिस्टरी'त आधीच्या पायऱ्या दिसतात का बघा. एखाद्या मास्क केलेल्या फोटोचा मास्क उघडून बघा. हे सगळं दिसलं, आणि नव्या डिस्कचीही आणखी एक नक्कल कुठेतरी झाली, की मग जुनी डिस्क पुसायची.