आर्मेरोकडे अडीच तास होते

‘ज्वालामुखी कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही.’ उद्रेकाची बातमी आली की खाली हे वाक्य हमखास वाचायला मिळतं. मला ते खटकतं. फुटण्याची वेळ घड्याळ लावून सांगता येत नाही, हे खरंच. पण गेल्या चाळीस वर्षांतले काही मोठे मृत्यू अंदाज चुकल्यामुळे झालेले नाहीत. अंदाज होता, तो माणसांच्या दारापर्यंत गेला नाही.

कोलंबियातल्या नेवाडो देल रुइझचंच घ्या. बर्फाची टोपी घातलेला, पाच हजार मीटरहून उंच डोंगर. १९८४च्या नोव्हेंबरपासून तो कुरबुरत होता. सप्टेंबर १९८५मध्ये त्याने वाफ आणि राखेचा एक झटका दिला. ७ ऑक्टोबरला धोक्याचा नकाशा जाहीर झाला आणि चिखलाचा लोंढा कुठून जाईल हे त्यात दाखवलं होतं. आर्मेरो गाव त्या पट्ट्यात होतं. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरजही नव्हती, कारण १८४५मध्ये असाच लोंढा तिथे येऊन सुमारे हजार माणसं गेली होती आणि त्याच सुकलेल्या गाळावर पुढे हे गाव वसलं.

१३ नोव्हेंबर १९८५. दुपारी तीनच्या सुमारास पहिला स्फोट, संध्याकाळी गावात राख पडायला लागली. घरात थांबा, घाबरू नका, असं लोकांना सांगितलं गेलं. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. तोही जगाच्या मानाने लहानच. पण तापलेली राख आणि वायूंचा लोट बर्फावरून घसरला आणि डोंगरावरच्या बर्फापैकी साधारण दहावा हिस्सा वितळला. ते पाणी नद्यांच्या अरुंद घळींत उतरलं. वाटेत काठची माती, दगडगोटे, झाडं ओढत गेलं आणि फुगत फुगत मूळ पाण्याच्या कित्येक पट झालं. ज्वालामुखीवाले याला ‘लाहार’ म्हणतात. पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गढूळ पाणी येतं, पण हा असतो बांधकामावरच्या ओल्या काँक्रीटसारखा. त्यात पोहता येत नाही, पाय रोवून उभंही राहता येत नाही, आणि थांबला की घट्ट बसतो.

सुमारे ७४ किलोमीटर कापून तो रात्री साडेअकराच्या आसपास आर्मेरोत शिरला. मध्ये जवळजवळ अडीच तास गेले होते. चालत गाठता येईल अशी उंच जमीन गावाजवळ होती. गावातली २० हजारांहून जास्त माणसं गेली, एकूण मृत्यू २३ हजारांच्या आसपास. त्या रात्री वादळी पाऊस होता, वीज जात होती, आणि निघायचं तर कुणाच्या शब्दावर, हे आधी ठरलेलंच नव्हतं.

याच्या शेजारी फिलिपाईन्समधला पिनाटुबो ठेवून बघा. २ एप्रिल १९९१ला त्याच्या कुशीतून वाफेचे स्फोट झाले. स्थानिक शास्त्रज्ञांनी भूकंपमापक लावले, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे लोक मदतीला आले. सगळ्यांना कळेल अशी १ ते ५ पातळ्यांची इशारापद्धत ठरवली गेली. लोकांना आणि अधिकाऱ्यांना एका फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञाने चित्रित केलेली दृश्यं दाखवली गेली, कारण ‘तप्त राखेचा लोट’ हे शब्द ऐकून कुणी घर सोडत नाही. तो माणूस त्याच वर्षी ३ जूनला जपानच्या उनझेन ज्वालामुखीवर अशाच लोटात गेला.

वायूच्या मोजणीची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. शिलारस वर चढतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे विरघळलेले वायू सुटतात. पिनाटुबोतून मेच्या मध्याला रोज सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता, २८ मेला तो ५ हजार टनांवर गेला. आणि पुढच्या काही दिवसांत ३०० टनांच्याही खाली आला! आकडा खाली आला म्हणजे डोंगर निवला, असं कुणालाही वाटेल. पण भूकंप चालूच होते. मग याचा अर्थ उलटा लावावा लागतो: वायूची वाट बुजली आहे आणि आत दाब साठतो आहे. म्हणून एका यंत्रावर कधीच भिस्त ठेवायची नसते. भूकंप, वायू, जमिनीचा फुगवटा, तिन्ही एकमेकांशी ताडून बघायचं.

९ जूनला इशारा पाचव्या पातळीवर गेला. १० जूनला जवळच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून साडेचौदा हजार माणसं हलवली गेली. रिकामा करायचा परिघ १०, २०, ३० आणि शेवटी ४० किलोमीटर असा वाढत गेला. १५ जूनला शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला आणि किमान पाच हजार जीव वाचले.

तरीही त्या दिवशी काहीशे माणसं गेलीच, बहुतेक छपरं कोसळून. नेमकं तेव्हाच चक्रीवादळ आलं होतं आणि पडती राख भिजत होती. हिशेब करून बघा. दहा बाय बाराच्या खोलीवर दहा सेंटिमीटर ओली राख साठली, तर पत्र्यावर दीड टनाहून जास्त वजन येतं. त्यामुळे राख थर जमण्याआधी, कोरडी असतानाच झाडून काढायची. धूळ उडू नये इतकाच पाण्याचा शिडकावा. पाइप लावून धुवायला गेलात तर वजन वाढतं आणि पन्हाळीत राख सिमेंटसारखी बसते. नाकातोंडावर एन-९५ मास्क, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स नकोत. राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, ती काचेची आणि खडकाची बारीक कच असते.

अंदाजाला मर्यादा आहेत. २७ सप्टेंबर २०१४ला जपानचा ओंताके फुटला तेव्हा इशारा सगळ्यात खालच्या पातळीवर होता. शनिवारची दुपार, माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी. सलग थरथर सुरू झाली ती उद्रेकाआधी जेमतेम अकरा मिनिटं. ६३ जण गेले. तो नुसता वाफेचा स्फोट होता, ताजा शिलारस वर चढलाच नव्हता, त्यामुळे आठवडे आधी मिळणाऱ्या ठळक खुणाही नव्हत्या. अशा डोंगरावर पातळी १ म्हणजे ‘सुरक्षित’ असं कुणी वाचू नये.

आणि मोजणारी यंत्रंच नसतील तर? २३ नोव्हेंबर २०२५ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत नोंदच नव्हती. दुसऱ्याच दिवशी राखेचा ढग भारतावर आला आणि आपल्याकडची विमानं रद्द झाली. राखेतली ही काच जेट इंजिनाच्या उष्णतेत वितळते आणि आतल्या पात्यांवर जाऊन चिकटते, म्हणून वैमानिक तिला इतके जपून असतात.

माझं ठाम मत एकच आहे. फसलेल्या इशाऱ्याची शिक्षा इशारा देणाऱ्याला होता कामा नये. १९७६मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर सत्तर हजारांवर माणसं कित्येक महिने घराबाहेर काढली आणि मोठा उद्रेक झालाच नाही. शास्त्रज्ञांमध्ये जाहीर भांडणं झाली. असं घडलं की पुढचा अधिकारी सही करायला कचरतो, आणि आर्मेरो तिथे तयार होतं. कोणत्या खुणेला कोण निर्णय घेईल, लोक कुठे जातील, त्यांची गुरं आणि रोजगार कोण बघेल, हे डोंगर शांत असतानाच कागदावर आलं पाहिजे.

रुइझनंतर लाहारची थरथर ओळखणारी साधी यंत्रं तयार झाली. ती नदीच्या वरच्या अंगाला जमिनीत पुरतात. अमेरिकेतल्या रेनियर ज्वालामुखीच्या पायथ्याशी ऑर्टिंग नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांतली मुलं भोंगा वाजला की रांगेने उंच जमिनीकडे चालत जायचा सराव करतात. आर्मेरोतल्या लोकांनाही त्या रात्री तेवढंच चालायचं होतं.