कोंबडी खत वापरा, पण ताजं नको

कोंबडी खताला एकदा 'सेंद्रिय' म्हटलं की त्यात काय काय आहे हे कुणी विचारत नाही. मे महिना लागला की लिटरच्या, म्हणजे शेडमधून तुसासकट उचललेल्या विष्ठेच्या, गाड्या बागांकडे वळतात, गोण्या कलमांच्या बुंध्याशी उतरतात आणि मिरगाच्या आत चरात जातात. दहा वर्षांच्या पुढच्या हापूसच्या कलमाला ५० किलो शेणखत द्या अशी शिफारस आहे. ठीक, पण गुरं राहिलीत कुणाच्या गोठ्यात? त्यामुळे कोंबडी खत बंद करा असं मी म्हणणार नाही. ताजं घालू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि ते वासापायी किंवा मुळं जळतात म्हणून नव्हे, तर पक्ष्यांना दिलेल्या आणि त्यात उरलेल्या औषधापायी, मुख्यतः अँटिबायोटिकपायी.

ब्रॉयलर पक्षी ३५ ते ४२ दिवसांत उचलला जातो. त्या काळात श्वासाचा त्रास, ई-कोलाय, रक्ती हगवण यांतलं काही ना काही येतंच, आणि औषध पिण्याच्या पाण्यातून सगळ्या शेडला दिलं जातं, आजारी असो वा धडधाकट. ऑक्सिटेट्रासायक्लिन, क्लोरटेट्रासायक्लिन ही औषधं आतड्यात कमीच शोषली जातात. मोठा हिस्सा जसाच्या तसा विष्ठेतून खाली पडतो. एन्रोफ्लॉक्सासिन चांगलं शोषलं जातं, पण पक्ष्याच्या अंगात त्याच्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे आपल्याला डॉक्टर लिहून देतात तेच. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन २००५ मध्ये बंद केलं, ते याच कुळातल्या औषधांना दाद न देणारे जंतू माणसांत सापडू लागले म्हणून. याशिवाय कॉक्सीसाठी, म्हणजे त्याच रक्ती हगवणीसाठी, सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन खाद्यातच असतं, ते वेगळं. (मोनेन्सिन घोड्याला अगदी थोडंही जिवावर बेततं. माथेरानला घोडेवाल्यांच्या पागेजवळ लिटरच्या गोण्या उघड्या ठेवू नयेत.)

आता कायदा बघा. जनावरांच्या औषधाच्या लेबलावर 'विथड्रॉवल पिरियड' छापायचा, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किती दिवस मांस-अंडी विकायची नाहीत ते सांगायचं, असा नियम आपल्याकडे २०१२ मध्ये आला. ठरावीक मुदत दिलेली नसेल तर अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस. चाळीस दिवसांच्या पक्ष्याला २८ दिवसांची मुदत, म्हणजे बाराव्या दिवसानंतर औषध नाही. शेडवर हे किती पाळलं जातं ते पोल्ट्रीवाल्यांनीच सांगावं. पण समजा, काटेकोर पाळलं. पक्ष्याच्या अंगातून औषध 'निघून गेलं' म्हणजे गेलं कुठे? थोडंफार मोडलं, बाकी खालच्या तुसात. मांस स्वच्छ होतं आणि बॅचभराच्या औषधाची शिल्लक लिटरमध्ये साचते. हजार पक्ष्यांमागे टन-दीड टन लिटर निघतं, आणि त्याला कसलीच मुदत नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाण्याच्या जनावरांसाठी जुलै २०१९ मध्ये बंद झालं, उत्तम झालं. बाकीच्या औषधांच्या शिलकीचं काय, हा प्रश्न तसाच आहे.

कोकणात हे जास्त लागू पडतं, कारण आपली जमीन आणि आपला पाऊस. जांभ्याच्या लाल मातीत लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोच्या कुळातली औषधं त्यांना घट्ट चिकटतात आणि वरच्या थरात मुक्काम ठोकतात. सल्फाची औषधं मात्र मातीला फारशी धरून राहत नाहीत. पाण्याबरोबर खाली जातात. आणि जांभा म्हणजे चाळणच, वर पडलेलं पाणी भेगांतून, पोकळ्यांतून विहिरीला लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा वेळी जूनच्या तोंडावर ताजं लिटर चरात घालणं किंवा रस्त्याकडेला उघडं रचून ठेवणं म्हणजे ते व्हाळाच्या, ओढ्याच्या हवाली करणं. व्हाळातून खाडीत, खाडीतून खाजणातल्या कोळंबीच्या तळ्यात. कोळंबीची खेप प्रतिजैविकाच्या अंशापायी परदेशातून परत आली की काय होतं ते त्या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. तळ्यात शेवाळ धरावं म्हणून कोंबडी खत टाकणाऱ्यांनी तर ते आजच थांबवावं.

हापूसच्या फळात औषध उतरतं का? ही भीती मला फारशी वाटत नाही. मोठ्या झाडाच्या मुळातून फळापर्यंत पोहोचणारा अंश नगण्य असणार, आणि 'आंब्यात अँटिबायोटिक' असले मेसेज फिरवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. लाल माठ आणि मुळा यांचं तसं नाही. महिना-दीड महिन्याचं पीक, पानं-मुळं थेट मातीशी, आणि खाणारा ती कधी कधी कच्चीही खातो. पण खरी काळजी औषधाच्या कणापेक्षा जंतूंची. थोड्या मात्रेच्या औषधात राहून तगलेले जंतू लिटरमध्येच तयार असतात, आणि आपली दाद न देण्याची जनुकं ते मातीतल्या दुसऱ्या जंतूंना देऊ शकतात. म्हणून औषध आणि जंतू दोन्ही कमी करायचे, आणि त्यासाठी शेतकऱ्याच्या हातात असलेला स्वस्त उपाय एकच: ढीग तापवून कुजवणे.

'तीन महिने पडून होतं' याला कुजवणं म्हणत नाहीत. सुकं लिटर पडून राहिलं तर सुकंच राहतं, आत काही घडत नाही. लिटरमध्ये नत्र जास्त, कर्ब कमी, आणि भाताचं तूस सिलिकामुळे लवकर कुजत नाही, त्यामुळे त्याचा कर्ब धरूच नका. एक टन लिटरला वजनाने जवळजवळ टनभर पेंढा, सुका पाला, बारीक केलेल्या झावळ्या असं मिसळा. वजन सारखं असलं तरी पेंढ्याचा ढीग लिटरच्या कितीतरी पट मोठा दिसतो, तिथे लोक हात आखडता घेतात आणि मग अमोनियाने डोळे झोंबतात. तो झोंबणारा वास म्हणजे पैसे देऊन घेतलेलं नत्र हवेत जातंय. पाला राबासाठी, भाताच्या रोपांची जागा भाजायला हवा असतो हे खरं, पण त्यातला थोडा इकडे वळवा.

मग पाणी. ब्रॉयलरचं लिटर पंचवीस-तीस टक्केच ओलं असतं, ढिगाला पन्नास ते साठ टक्के ओल लागते. वरचं मिश्रण साधारण दीड हजार लिटर पाणी पितं! एप्रिल-मेमध्ये एवढं पाणी आपल्याकडे कुठून आणणार? म्हणून ढीग जानेवारीत लावा, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मूठभर मिश्रण दाबलं की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर जास्त झालं, गोळा सुटला तर कमी.

खाली कोबा नसेल तर जाड ताडपत्री घाला, जांभ्यावर थेट नको. ढीग पाच फूट उंच, सहा ते आठ फूट रुंद. कमरेपेक्षा लहान ढीग उष्णता धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत ५५ अंशांच्या वर जायला हवा. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर ठीक चाललंय. पहिल्या पंधरवड्यात दर तीन दिवसांनी पालटा, एकूण पाच वेळा, आणि पालटताना बाहेरचा थर आत गेलाच पाहिजे. बाहेरचा थर कधीच तापत नाही, जंतू तिथेच वाचतात. सत्तरच्या वर गेला आणि आत पांढुरकी राख दिसली तर पाणी मारा. तापलाच नाही तर नव्वद टक्के वेळा कोरडा असतो. सडका वास आला तर ओल जास्त, पेंढा घालून पालटा. त्यानंतर दोन-अडीच महिने झाकून मुरू द्या. तूस शेवटी तसंच दिसेल, त्याची काळजी नको.

एवढ्याने टेट्रासायक्लिन बऱ्यापैकी मोडतं, सल्फाही. सिप्रोच्या कुळातलं कमी मोडतं. आणि खाद्यातलं तांबं, जस्त अजिबात मोडत नाही. ढीग आटतो तसं उलट घट्ट होतं. खत तयार झालं का हे बघायला मुळ्याचं बी उगवून बघण्याची चाचणी अमोनिया आणि क्षार ओळखते, औषध ओळखत नाही.

म्हणून घेताना विचारा: या बॅचला कोणतं औषध, कोणत्या दिवशी? एन्रो दिलं असेल तर ते लिटर पालेभाजीला आणि कलिंगडाला नकोच, फार तर कुजवून कलमांना. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला खाद्यात काय आहे ते पुष्कळदा कळतच नाही, आणि लिटर मात्र तोच विकतो. कंपन्यांनी प्रत्येक बॅचमागे औषधांची चिठ्ठी द्यावी, आणि ती लिटरबरोबर जावी. ५ हजारांवर पक्षी असले की प्रदूषण मंडळाची संमती लागते, तिथे ही अट घालणं कठीण नाही. आपल्याकडच्या लहान शेड त्याखाली सुटतात, तिथे बागायतदारानेच चिठ्ठी मागायची.

पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबड्यांचं खत असेल तर त्यात तूस नसतं, ते ओलं आणि नत्राने आणखी जड असतं. त्याला पेंढा दीडपट-दुप्पट घाला आणि पाणी घालण्याआधी मूठ दाबून बघा, कमी पडेल तेवढंच घाला.