दहा गुण फुकट

घरी जुनं पिनबॉल मशीन (काचेखालच्या उतारावर गोळी उडवत गुण मिळवायचा खेळ) आहे म्हटलं की पाहुणे विचारतात, "मग रोज खेळत असाल!" खेळतात ती घरातली बाकीची माणसं. मी मशीनच्या पोटात डोकं घालून असतो.

आमचं मशीन 1975 चं. आत कॉम्प्युटर नाही, नुसत्या कॉइल (वीज मिळाली की लोखंड ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), रिले आणि पातीच्या स्विचांचं रान. गेल्या महिन्यात उजव्या फ्लिपरने, म्हणजे बटण दाबलं की गोळीला फटकावणाऱ्या दांडीने, अंग टाकलं. 80 ग्रॅमची पोलादी गोळी वर, आपटली की गुण देणाऱ्या बंपरपर्यंत भिरकवायची, तर हा पठ्ठ्या तिला अर्ध्या वाटेपर्यंत सोडून परत यायचा. मी छातीठोक निदान केलं, "कॉइल गेली." नवी मागवली, डाख लावला, बोट भाजून घेतलं. फ्लिपर होता तसाच.

चोर निघाला फ्लिपरच्या बुडाशी बसलेला नखाएवढा स्विच. तो मिटलेला असेपर्यंत कॉइलला पूर्ण जोर मिळतो. फ्लिपर वर पोचला की त्याने उघडायचं, म्हणजे मग नुसतं धरून ठेवण्यापुरता प्रवाह. टोकं काळवंडली की फ्लिपर आळसावतो, आणि स्विच उघडलाच नाही तर कॉइल जळते. सुस्ती हवी की धूर, एवढंच आपण ठरवायचं. प्लग काढून बारीक कानशीने टोकं घासली. पाती केसभर वाकवली. जास्त वाकली. उलटी वाकवली. तासभर हेच. याचे गुण मात्र कुठलंच मशीन देत नाही.

न्यू यॉर्क शहरात 1942 पासून 1976 पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. कारण जुगाराचं दिलं होतं. आमच्या घरी मत घेतलं तर बंदी आजही एकमताने मंजूर होईल, जुगाराचा उल्लेखही न करता.

असो. फ्लिपर दणक्यात चालू झाला. इतका, की त्या हादऱ्याने शेजारचा एक सैल स्विच थरथरून दर फटक्याला दहा गुण वाटू लागला. मुलीने गोळी सोडलीच नाही. नुसतं बटण बडवून घरातला विक्रम मोडला आणि वर म्हणाली, "बाबा, हे दुरुस्त नको करू हं."

तेही दुरुस्त केलं. काच पुसून लावली आणि महिन्याभराने पहिला डाव माझा. गोळी दोन फ्लिपरांच्या मधोमध घरंगळायला लागली तसा मी मशीनला कमरेने एक धक्का दिला. खटकन दोन्ही फ्लिपर मेले! हातात पेचकस, काच निम्मी बाहेर काढलेली, डोक्यात नव्या कॉइलचा खर्च.

"बाबा, वरचा दिवा बघ ना," मुलगी म्हणाली. "टिल्ट झालंय. धक्का दिला की मशीन फ्लिपर बंद करतं ना!"