‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ म्हणजे ओपन सोर्स नव्हे

एक फॉरवर्ड फिरतोय: सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) दिसतो ते सगळं ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला, वाटायला मोकळं; लायसन्स (वापराचा परवाना) नसेल तर कोड सर्वांचा, आणि संशोधकाने ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ एवढी ओळ टाकली की कंपन्या गप्प बसतात, बाकी कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या भाचीने तो वाचून प्रबंधाच्या कोडवर ती ओळ टाकलीसुद्धा. आता गप्प बसवत नाही.

पहिला दावा खोडायला ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने केलेली ओपन सोर्सची व्याख्या पुरेशी आहे. तिचं सहावं कलम म्हणतं, कोणत्याही कार्यक्षेत्रात वापरायला मनाई करता येणार नाही. उदाहरणं म्हणून व्यवसाय आणि जनुकीय संशोधन तिथेच दिली आहेत. दुसरा दावा साफ उलटा. बर्न करार या कॉपीराइटवरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट नोंदणीशिवाय, आपोआप लागू होतो. लायसन्स नाही म्हणजे परवानगी नाही.

खरा घात तिसऱ्यात आहे. म्हणे कुणाचं बिघडत नाही! ही ओळ असलेला कोड डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘मेन’ या पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य विभागात जात नाही. वाटायला परवानगी असलीच तर ‘नॉन-फ्री’ या मुक्त नसलेल्यांच्या विभागात. त्यावर अवलंबून असलेला दुसऱ्या कुणाचा पूर्ण मुक्त प्रोग्रामही ‘मेन’मधून ‘कॉन्ट्रिब’ या बाजूच्या विभागात ढकलला जातो. पदवी घेऊन नोकरीला लागलेला विद्यार्थी आपल्याच प्रयोगशाळेचा प्रोग्राम कामावर चालवू शकत नाही. विद्यापीठातला प्रकल्प कंपनीच्या पैशावर चालत असेल तर तो शैक्षणिक की व्यावसायिक? ती ओळ सांगत नाही.

भाचीचा कोड एफएफटीडब्ल्यू ही गणिती आकडेमोडीची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतो. ती जीपीएल या लायसन्सखाली आहे; ते सांगतं की तिच्यावर आधारलेला कोड वाटताना तोही त्याच अटींवर मोकळा ठेवा, आणि त्या अटींपलीकडे जादा निर्बंध ते लादू देत नाही. म्हणजे ही ओळ ठेवून दोन्ही एकत्र वाटणं हाच लायसन्सचा भंग!

कंपन्यांची भीती अगदीच खोटी नाही, हे मान्य करावं लागेल. बीएसडी या सैल अटींच्या लायसन्सचा कोड घेऊन कुणीही बंद (सोर्स न दाखवणाऱ्या) उत्पादनात घालू शकतं. पण त्यावरचा इलाज एफएफटीडब्ल्यूनेच दाखवलाय: सर्वांना जीपीएल, आणि बंद सॉफ्टवेअरमध्ये घालायची असेल त्याने एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाकडून, जिथे ती बनली, वेगळं लायसन्स विकत घ्यावं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९१ मधल्या पहिल्या लायसन्समध्येही पैसे घेऊन वाटायला बंदी होती; १९९२ मध्ये तिचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी ती काढून जीपीएल स्वीकारलं.

भाचीला सांगितलंय, ती ओळ काढ, जीपीएलचा पूर्ण मजकूर सोबत ठेव, आणि त्याआधी कोडचा हक्क तुझा की विद्यापीठाचा, हे मार्गदर्शकांकडून लेखी घे.