परवाना नेमका कुणाच्या भल्यासाठी?

थ्रेडिंग करताना कधी नीट पाहिलंय? साधा सुती दोरा, एक टोक दातांत धरलेलं, बाकीचा बोटांत पीळ देऊन ताणलेला. तो पीळ भुवईवरून सरसर फिरतो आणि केस मुळासकट निघतो. ना ब्लेड, ना केमिकल.

एवढ्या कामाचा परवाना मिळवायला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ७५० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं! थ्रेडिंग करणारे काहीजण कोर्टात गेले, तेव्हा समोर आलं की त्यातल्या ३२० तासांपर्यंतच्या अभ्यासाचा थ्रेडिंगशी काही संबंधच नाही. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. मला याचा खरंच संताप येतो. ज्या बाईच्या बोटांत कला आहे, जिचं घर त्यावर चालतं, तिने कमाई बुडवून, वर फी भरून, कधीच न लागणाऱ्या गोष्टी का शिकायच्या?

परवाना नकोच, असं मी अजिबात म्हणत नाही. ऑपरेशन टेबलवरचा माणूस भूल देणाऱ्या डॉक्टरची काय पारख करणार? वायरिंगचंही तेच. भिंतीआड अर्थिंगची वायर जोडलीच नाही, तरी दिवे लागतात, पंखा फिरतो. चूक कळते ती कुणीतरी ओल्या हाताने गिझरला हात लावल्यावर. तो हात कदाचित काही वर्षांनी आलेल्या भाडेकरूचा असतो, ज्याने तो वायरमन बघितलेलाही नसतो. जिथे गिऱ्हाइकाला आधी काही कळू शकत नाही आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, तिथे परवाना हवाच, आणि कडक हवा. केस वाईट कापले तर महिन्याभरात वाढतात. तिथे सर्टिफिकेट ऐच्छिक ठेवा. ज्याला हवं तो सर्टिफिकेटवाल्याकडे जाईल.

पण परवान्याची मागणी बहुतेक वेळा गिऱ्हाईक करतच नाही. करतात ते धंद्यात आधीपासून बसलेले. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यात दात पांढरे करून देणाऱ्या, डेंटिस्ट नसलेल्या लोकांना, डेंटिस्टांना परवाने देणाऱ्या तिथल्या दंतवैद्यक मंडळाने काम बंद करण्याच्या नोटिसा पाठवल्या. मंडळावर बहुसंख्य डेंटिस्टच. तक्रारीही डेंटिस्टांच्याच, आणि त्यातल्या बहुतेक कशाबद्दल? हे लोक स्वस्तात करतात याबद्दल! रुग्णाला इजा होईल, ही काळजी मोजक्याच तक्रारींत होती. स्पर्धा कायद्यातून, म्हणजे धंद्यातली स्पर्धा दडपायला मनाई करणाऱ्या कायद्यातून, आम्हाला सूट आहे, हा मंडळाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच फेटाळला.

म्हणून माझं म्हणणं आहे की परवाना देणाऱ्या मंडळावर त्या धंद्यातल्यांचं बहुमत नको. सेवा घेणारी माणसंही तिथे बसवा. आणि परीक्षा फक्त त्या कामातल्या धोक्याची घ्या. थ्रेडिंगवालीला काय यायला हवं? दर गिऱ्हाइकाला नवा दोरा, हात स्वच्छ धुणं, त्वचेवर संसर्ग दिसला तर काम न करणं. हे एक-दोन दिवसांत शिकवून होतं, आणि तेवढं सक्तीचं करायला माझी काहीच हरकत नाही.